न्को लिपीचा प्रश्न: मांडिंग भाषांच्या लेखनवादाचा आढावा

पश्चिम आफ्रिकेत गिनी, माली, आयव्हरी कोस्ट, बुर्किना फासो, सेनेगल आणि गांबिया या देशांत मिळून काही कोटी माणसे मांडिंग गटातल्या भाषा बोलतात. मानिंका, बामाना, जुला आणि मांडिंका ही त्यांतली चार मोठी नावे. शेजारच्या बोलीचा माणूस भेटला तर थोडे अडखळत का होईना, बोलणे जुळते. गट जिथे टोकाला जातो तिथे मात्र ते जुळेनासे होते. तोंडी इतक्या जवळच्या असलेल्या या भाषा कागदावर तीन वेगळ्या वाटांनी उतरतात. कुराण शिकवणाऱ्या शाळेतून आलेला माणूस अरबी अक्षरांत लिहितो, सरकारी साक्षरता वर्गातून आलेला रोमन अक्षरांत, आणि तिसरा समूह सोलोमाना कान्ते यांनी १९४९ साली घडवलेल्या न्को या लिपीत. 'न्को' म्हणजे 'मी म्हणतो'. मांडिंग गटातल्या सगळ्या मोठ्या भाषांत हा शब्दप्रयोग आहे, आणि म्हणूनच तो लिपीचे नाव झाला.

भाषेसाठी खास घडवलेली लिपी त्या भाषेला नेमके काय देते, हा प्रश्न न्कोच्या निमित्ताने पाऊणशे वर्षे चर्चेत आहे. भाषावैज्ञानिक, साक्षरतेचे नियोजन करणारे अधिकारी, इतिहासकार, मानववंशशास्त्रज्ञ आणि न्कोचे कार्यकर्ते यांनी आपापली उत्तरे दिली आहेत. बहुतेक उत्तरे अक्षरांच्या गुणदोषांभोवती फिरतात: कोणती लिपी ध्वनी नीट टिपते, कोणती शिकायला सोपी, कोणती छपाईला स्वस्त. उपलब्ध पुरावा एकत्र ठेवून पाहिला तर मला त्याचा कल वेगळीकडे दिसतो. लिपी जगते ती तिला शिकवणारे, तिच्यात लिहिणारे आणि तिच्यात वाचायला काहीतरी शोधणारे लोक असतात म्हणून. अक्षरांची रचना या कामाला मदत करते किंवा अडचण आणते, पण निकाल तिच्या हाती नसतो. असे असले तरी रचनेचा प्रश्न निरर्थक ठरत नाही, आणि तो का ठरत नाही हेही याच पुराव्यातून पुढे येते.

न्कोच्या आधीच्या लिप्या

कान्ते हे या भागातले पहिले लिपिकार नव्हेत. आजच्या लायबेरियात १८३३च्या सुमारास मोमोलू दुवालू बुकेले यांनी वाई भाषेसाठी अक्षरमाला तयार केली. तिच्यात एकेका चिन्हाने एकेक पूर्ण अक्षर, म्हणजे व्यंजन आणि स्वर मिळून, लिहिले जाते. चिन्हांची संख्या दोनशेच्या वर जाते. जर्मन मिशनरी आणि भाषाभ्यासक कोएले १८४९ साली बुकेले यांना प्रत्यक्ष भेटले, आणि ही चिन्हे एका स्वप्नात दिसली अशी बुकेले यांची हकीकत त्यांनी नोंदवून ठेवली. या उगमावर पुढे मोठा वाद झाला. इतिहासकार टुश्शेरर आणि हेअर यांनी २००२ साली एक दुवा पुढे आणला. अमेरिकेतल्या चेरोकी लोकांसाठी सेक्वोया यांनी १८२१ साली अशीच अक्षरमाला पूर्ण केली होती, आणि चेरोकी वंशाचा एक माणूस वाई प्रदेशात येऊन स्थायिक झाला होता. एका ठिकाणची कल्पना दुसरीकडे पोहोचली असणे त्यामुळे शक्य वाटते. मात्र चिन्हांचे आकार उसने घेतल्याचे यातून सिद्ध होत नाही. 'लिपी घडवता येते' एवढी कल्पना प्रवास करू शकते, आणि पुढचे सगळे काम स्थानिक माणसाचेच राहते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या भागात अशा लिप्या एकामागून एक आल्या. सिएरा लिओनमध्ये मेंदे भाषेसाठी किकाकुई आली आणि किसिमी कामारा यांनी ती लोकांपर्यंत नेली. लायबेरियात बासा, क्पेले आणि लोमा या भाषांना स्वतःच्या लिप्या मिळाल्या. यांतली किकाकुईची गोष्ट या आढाव्यासाठी सर्वांत बोलकी आहे. पत्रव्यवहारासाठी आणि हिशेबासाठी ती वापरली जात होती. पण १९४०च्या दशकात बो शहरातल्या सरकारी साहित्य विभागाने मेंदे भाषेसाठी रोमन अक्षरांतली पुस्तके आणि वर्ग सुरू केले, तेव्हा काही दशकांत किकाकुई जाणकारांच्या लहान वर्तुळापुरती उरली. ती मेंदे भाषेला शोभत नव्हती असे कोणी दाखवून दिलेले नव्हते. दुसऱ्या बाजूला शाळा, छापखाना आणि पगारी शिक्षक होते, एवढेच. युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीच्या २०१४ सालच्या ७.० आवृत्तीत मेंदे किकाकुई आणि बासा या लिप्या दाखल झाल्या, आणि त्याच आवृत्तीत आपली मोडीही दाखल झाली. तिन्ही लिप्यांचे इतिहास वेगळे आहेत, तरी ज्या लिपीच्या मागची छपाई आणि शाळा निघून गेली तिचे काय होते हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको.

वाई लिपी मात्र टिकली, आणि तिच्यामुळे साक्षरतेच्या अभ्यासाला एक महत्त्वाचा पुरावा मिळाला. सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात वाई समाजात काम केले आणि त्याचे निष्कर्ष १९८१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. तिथे तीन लिप्या तीन जागी शिकल्या जात होत्या: इंग्रजी शाळेत, अरबी कुराणवर्गात आणि वाई लिपी घरी, नातेवाइकांकडून किंवा मित्राकडून. प्रौढ पुरुषांपैकी सुमारे २० टक्के वाई लिपी जाणत होते, सुमारे १६ टक्के अरबी आणि जेमतेम ६ टक्के इंग्रजी. शाळा नसताना, परीक्षा नसताना, नोकरीचे आमिष नसताना घरगुती लिपी शाळेतल्या लिपीच्या पुढे होती. साक्षर झाला की माणूस सर्वच बाबतींत अधिक अमूर्त विचार करू लागतो, हा त्या काळचा आवडता सिद्धान्त या अभ्यासात टिकला नाही; ज्या कामासाठी लिपी वापरली जाते त्या कामाशी निगडित कौशल्येच वाढलेली दिसली. न्कोविषयीच्या चर्चेत हा अभ्यास वारंवार लक्षात ठेवायला हवा, कारण लिपी आणि शाळा या दोन गोष्टी त्याने प्रथमच नीट वेगळ्या करून दाखवल्या.

कान्ते यांचे काम

सोलोमाना कान्ते यांचा जन्म १९२२ साली गिनीतल्या कांकान परिसरात झाला. वडील अमारा कान्ते कुराण शिकवणारे नावाजलेले गुरुजी होते. वडिलांच्या मृत्यूनंतर कान्ते व्यापारासाठी आयव्हरी कोस्टमध्ये गेले. बुआके इथे १९४४ साली त्यांच्या हाती लेबनॉनचे पत्रकार कामेल म्रोवा यांचे आफ्रिकेवरचे अरबी लेखन आले. आफ्रिकी भाषांना व्याकरण नाही, त्या लिहून ठेवता येत नाहीत, अशा आशयाचे विधान त्यात होते. कान्ते यांनी ते आव्हान म्हणून घेतले. आधी दोन-तीन वर्षे अरबी अक्षरांत मानिंका लिहून पाहिली. मग रोमन अक्षरांकडे वळून आणखी दोन वर्षे घालवली. दोन्हींत त्यांना अडचण जाणवली ती मुख्यतः स्वरांची आणि सुरांची. अखेर १९४९ साली बिंजरव्हिल इथे त्यांनी नवी वर्णमाला पुरी केली. १४ एप्रिल हा दिवस न्कोचे अनुयायी आजही साजरा करतात.

सुरांची अडचण थोडी उलगडून सांगितली पाहिजे, कारण मराठीत तिला समांतर काही नाही. मांडिंग भाषांत शब्दाचा अर्थ तो वरच्या सुरात उच्चारला की खालच्या, यावरही ठरतो. बामाना भाषेत 'बा' वरच्या सुरात म्हटले तर नदी आणि खालच्या सुरात म्हटले तर बकरी. एवढ्यावर भागत नाही. बामाना आणि मानिंकात नामाची निश्चितता, म्हणजे 'एखादा' आणि 'तोच तो' यांतला फरक, शब्दाच्या शेवटी येणाऱ्या खालच्या सुरावर पेललेला असतो. सूर तिथे व्याकरणाचाच भाग आहे. कान्ते यांनी सात स्वर, एकोणीस व्यंजने आणि एक स्वतंत्र अनुनासिक अशी सत्तावीस अक्षरे ठरवली. स्वराच्या डोक्यावर सूर आणि ऱ्हस्व-दीर्घपणा दाखवणाऱ्या खुणा दिल्या आणि अनुनासिकासाठी खाली बिंदू ठेवला. लिपी उजवीकडून डावीकडे चालते, अक्षरे एकमेकांना जोडून लिहिली जातात, आणि आकडेही त्याच दिशेने वाचले जातात. सलग येणाऱ्या दोन अक्षरांचा स्वर आणि सूर एकच असेल तर पहिला स्वर गाळण्याचीही सोय आहे. लिहिण्याचे श्रम त्यामुळे वाचतात, आणि रचना करणारा माणूस रोजच्या हस्तलेखनाचा किती विचार करत होता तेही दिसते.

तरीही कान्ते वर्णमालेवर थांबले असते तर न्कोचे नाव आज कदाचित लिप्यांच्या कोशातच सापडले असते. १९४९ ते १९८७ या काळात त्यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली: कुराणाचा अनुवाद, मांडिंग प्रदेशाचा इतिहास, वनौषधी, व्याकरण, शब्दकोश, गणिताची प्राथमिक पुस्तके. व्याकरणासाठी आणि विज्ञानासाठी त्यांनी आपल्याच भाषेच्या मुळांतून पारिभाषिक शब्द घडवले. अनेक बोलींच्या वर उभी राहील अशा प्रमाण भाषेलाही त्यांनी आकार दिला आणि तिला 'कांग्बे', म्हणजे स्वच्छ भाषा, म्हटले. पुस्तके हाताने नकलून पसरली. ज्याला एक प्रत मिळे तो आपल्यासाठी एक नक्कल करी आणि दुसऱ्याला शिकवी. जुला व्यापाऱ्यांच्या जुन्या वाटा त्यांना सहज उपलब्ध होत्या, कारण कान्ते स्वतः व्यापारात होते. अमेरिकी इतिहासकार डायान ऑयलर यांनी २००५ सालच्या आपल्या पुस्तकात न्कोच्या प्रसाराचे श्रेय याच सीमापार जाळ्याला दिले आहे. मला हे विवेचन पटते. बाजारपेठ, दुकानाची ओसरी आणि संध्याकाळचे वर्ग हेच न्कोचे विद्यापीठ होते.

सरकारांची निवड

गिनी २ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वतंत्र झाला. अध्यक्ष सेकू तुरे स्वतः मानिंका होते. आफ्रिकेच्या स्वाभिमानाची भाषा त्यांच्याइतकी ठामपणे फार थोड्यांनी बोलली. तरीही न्को गिनीची सरकारी लिपी झाली नाही. १९६८ ते १९८४ या काळात त्यांच्या राजवटीने शाळांतून आठ राष्ट्रीय भाषा शिकवल्या, आणि त्या सर्व रोमन अक्षरांत. यामागचा युक्तिवाद तपासून पाहण्यासारखा आहे. आठ भाषांपैकी मानिंका ही एक. फुला, सुसू, किसी, क्पेले, लोमा यांच्यावर मानिंकाची म्हणून ओळखली जाणारी लिपी लादली असती तर देशाच्या एकीला तडा गेला असता. दुसरीकडे प्रत्येक भाषेला वेगळी लिपी देणे एका गरीब देशाच्या छापखान्यांना झेपणारे नव्हते. या निर्णयात परकीयांचे अनुकरण होते असे म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण सत्य नाही.

१९६६ साली बामाको इथे युनेस्कोने पश्चिम आफ्रिकी भाषांच्या वर्णमाला एकसारख्या करण्यासाठी तज्ज्ञांची बैठक घेतली, तेव्हा रोमन हाच पाया धरला गेला. मालीने १९६७ साली बामाना, फुला, सोंघाय आणि तामाशेक या भाषांसाठी रोमन वर्णमाला हुकुमाने लागू केली. १९७८ साली नियामेच्या बैठकीत साऱ्या आफ्रिकेसाठी संदर्भ वर्णमाला सुचवली गेली, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस गिनीनेही आपली जुनी टंकलेखन यंत्राला सोयीची पद्धत सोडून तिच्याशी जुळवून घेतले. रोमन पक्षाकडे वाचायला काहीच नाही असे मानणेही अन्यायाचे ठरेल. मालीत १९७२ सालापासून 'किबारू' हे बामाना भाषेतले वृत्तपत्र ग्रामीण वाचकांसाठी निघते, आणि दोन भाषांतून शिकवणाऱ्या शाळांचे प्रयोगही तिथे झाले. अडचण वेगळीच होती. शाळेत वरच्या वर्गात गेले की फ्रेंच, परीक्षा फ्रेंचमध्ये, नोकरी फ्रेंचमध्ये. गिनीत तर १९८४ साली तुरे वारल्यावर राष्ट्रीय भाषांचे शिक्षणच बंद पडले आणि फ्रेंच परत आली. रोमन अक्षरांतली मानिंका शिकलेल्या मुलाला ती पुढे कुठेच लागत नव्हती.

कान्ते २३ नोव्हेंबर १९८७ रोजी कोनाक्रीत वारले. त्याआधीच त्यांच्या शिष्यांनी न्कोच्या संशोधनाला आणि प्रसाराला एकत्र आणणारी संघटना उभी केली होती. पुढच्या दोन दशकांत कोनाक्री, कांकान, बामाको आणि कैरो ही न्को पुस्तकांची केंद्रे झाली. २००६ साली युनिकोडच्या ५.० आवृत्तीत लिपीला जागा मिळाली, मग मोबाइलवर संदेश पाठवता येऊ लागले, आणि २०१९ साली न्को विकिपीडियाही सुरू झाला.

मते आणि त्यांचे आधार

आजच्या वादात तीन-चार भूमिका स्पष्ट दिसतात. पहिली न्कोच्या कार्यकर्त्यांची. त्यांच्या मते ही लिपी भाषेच्या ध्वनींना पूर्ण न्याय देते, वाचकाला संदर्भावरून अंदाज करायला लावत नाही आणि बोली वेगळ्या असल्या तरी लोकांना एका लिखित भाषेत आणते. यातला पहिला मुद्दा भाषावैज्ञानिकही मान्य करतात. मालीच्या सरकारी लेखनपद्धतीत सूर सहसा लिहिलेच जात नाहीत. न्कोत ते लिहिणे बंधनकारक आहे. रशियन भाषावैज्ञानिक व्हॅलेंतिन व्हिद्रीन यांच्यासारख्या अभ्यासकांना न्को पुस्तके भाषेच्या अभ्यासाची मौल्यवान सामग्री वाटतात, ती यामुळेही. एका स्वशिक्षित व्यापाऱ्याने सुरांचे इतके बारीक पृथक्करण करून ते रोजच्या लेखनात बसवले, ही कामगिरी कोणत्याही मोजपट्टीने मोठी आहे.

पण सूर लिहिल्याने वाचन सोपे होते का? इथे आक्षेप येतो आणि त्याला पुरावाही आहे. स्टीव्हन बर्ड यांनी कॅमेरूनमधल्या द्शांग भाषेवर केलेला प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. सुरांच्या खुणा असलेला मजकूर वाचक अधिक अडखळत वाचतात, असे त्यात दिसले. या आधारावर काही जण न्कोच्या खुणा अनावश्यक ओझे मानतात. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. द्शांगची सुररचना फार गुंतागुंतीची आहे आणि बोलताना सूर जागोजाग बदलतात. मांडिंग भाषांत मूळ सूर दोनच आहेत आणि ते व्याकरणाशी थेट बांधलेले आहेत. शिवाय न्कोचा वाचक पहिल्या धड्यापासून खुणांसह वाचायला शिकतो. एका भाषेवरचा प्रयोग दुसरीवर लादता येत नाही. मात्र 'खुणा आहेत म्हणून वाचन सोपे' हे न्को पक्षाचे विधानही तसेच लादता येत नाही. अचूक लेखन आणि वेगवान वाचन या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, आणि या वादात त्यांची सरमिसळ दोन्हीकडून झाली आहे.

दुसरी भूमिका एकीबद्दल शंका घेते. 'कांग्बे' सर्वांची भाषा म्हणवली जाते, पण तिचा कणा कांकानच्या मानिंकाचा आहे. लिपीतही हे उमटते. मानिंकातल्या 'ग्ब' या जोडध्वनीला स्वतंत्र अक्षर आहे. बामानातला साधा 'ग' लिहायचा तर त्याच अक्षरावर खूण द्यावी लागते. 'कांग्बे' या नावातला 'ग्बे', म्हणजे पांढरा किंवा स्वच्छ, बामानात 'जे' होतो. पश्चिमेच्या मांडिंका भाषेत स्वर सातऐवजी पाच आहेत. मग बामाना किंवा मांडिंका वाचकाने आपली बोली सोडून मानिंकात लिहावे का, हा प्रश्न उरतो. न्को पक्षाचे उत्तर असे की प्रत्येक प्रमाण भाषा कोणत्या तरी बोलीवर उभी राहते आणि लिहिताना सगळेच थोडे वाकतात. हे उत्तर बरोबर आहे, पण वाकायला कोणाला लागते हे ते सांगत नाही. प्रमाण मराठीची घडण ज्या भागाच्या बोलीवर झाली त्या भागाबाहेरच्या वाचकाला हा मुद्दा लगेच कळेल.

तिसरी भूमिका 'स्वदेशी' या शब्दालाच हात घालते. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ झाँ-लू आंसेल यांनी २००१ सालच्या आपल्या पुस्तकात न्कोकडे शुद्ध आफ्रिकी मुळांची अभिव्यक्ती म्हणून न पाहता अरबी-इस्लामी जग, वसाहतकाळ आणि मांडिंग अस्मिता यांच्या जोडणीतून घडलेली गोष्ट म्हणून पाहिले, आणि त्यातल्या अस्मितावादाबद्दल सावधगिरीचा सूर लावला. त्यांचे वर्णन मला बरेचसे बरोबर वाटते. न्कोची दिशा अरबीची, जोडून लिहिण्याची रीत अरबीची. स्वर व्यंजनांच्या बरोबरीने लिहिण्याची पद्धत रोमनशी जुळणारी. आणि सुरांच्या खुणा मात्र कान्ते यांच्या स्वतःच्या. पण यातून निघणारा निष्कर्ष मला वेगळा दिसतो. जगातली जवळपास प्रत्येक लिपी उसनवारीतून उभी राहिली आहे. तिच्यातले किती घटक बाहेरचे हे मोजून ती परकी ठरत नाही. तिच्यात निर्णय कोणी घेतले आणि कोणासाठी घेतले, यावर ती आपली की परकी हे ठरते.

चौथी भूमिका तुलनेने नवी आहे आणि मला सर्वांत उपयुक्त वाटते. अमेरिकी अभ्यासक कोलमन डोनाल्डसन यांनी २०१७ सालच्या प्रबंधात न्कोकडे लिपीपेक्षा भाषाशैलीची आणि आचाराची चळवळ म्हणून पाहिले. वर्गात शिकणारी माणसे अक्षरे शिकतात, आणि त्यांच्या जोडीने बोलण्यात फ्रेंच शब्दांची भेसळ टाळायला, आपली भाषा विचारपूर्वक वापरायला, शिस्तीने काम करायला शिकतात. शासन आणि शाळा जे नागरिक घडवू पाहतात तेच काम ही चळवळ आपल्या पद्धतीने करते. हे मान्य केले की लिपीच्या श्रेष्ठतेचा प्रश्न मागे पडतो. मग एक कठीण आक्षेप उभा राहतो: असे असेल तर हीच चळवळ रोमन अक्षरांतून का चालली नसती? तत्त्वतः चालली असती. पण रोमन अक्षरांबरोबर फ्रेंच शाळा, तिच्या परीक्षा आणि तिचे अधिकारी आपोआप मनात येतात. अरबी अक्षरांबरोबर कुराण आणि मौलवी. नव्या लिपीने तिसरी जागा तयार केली, जिथे मानिंका ही वर जाण्याची पायरी नसून स्वतःच ज्ञानाची भाषा होती. अक्षरांच्या आकाराचे महत्त्व मला इथे दिसते. आकारामुळे वाचन सुधारत नाही, पण आकारामुळे शाळेपासून वेगळी, आपली म्हणून ओळखता येणारी जागा उभी राहते.

गिनीच्याच न्झेरेकोरे शहरात १९८९ साली इब्राहिमा आणि अब्दुलाये बारी या दोन किशोरवयीन भावांनी फुला भाषेसाठी घडवलेली आदलाम लिपी या निष्कर्षाला दुजोरा देते. अरबी अक्षरांत फुलाचे आत ओढून उच्चारले जाणारे ध्वनी नीट लिहिता येत नाहीत, ही त्यांची सुरुवातीची अडचण होती. पण लिपी पसरली ती बाजारातल्या वर्गांमुळे, हाताने नकललेल्या पुस्तकांमुळे आणि प्रत्येक शिकणाऱ्याने आणखी काही जणांना शिकवावे या रिवाजामुळे. २०१६ साली ती युनिकोडमध्ये आली. कान्ते यांची वाट जवळपास जशीच्या तशी पुन्हा चालली गेली.

जे अजून सुटलेले नाही

न्को ही लिपी आहे की भाषा, हा प्रश्न आता तंत्रज्ञानाने अधिक गुंतागुंतीचा केला आहे. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतयादीत न्कोला स्वतंत्र भाषेचा संकेत आहे. गूगल ट्रान्सलेटमध्ये बामाना २०२२ साली आली. जुला आणि न्को २०२४ साली, वेगवेगळ्या नोंदींनी. एकाच गटातल्या बोली यंत्राच्या यादीत तीन भाषा होऊन बसल्या आहेत. कान्ते यांनी ज्यांना जोडायला लिपी केली त्या बोली या वर्गीकरणाने दुरावतील का? तसे होईलच असे नाही, कारण न्कोतला मजकूर आणि रोमनमधला मजकूर एकमेकांत बदलण्याची साधने आता बनवता येतात. पण ती बनवताना सुरांचा प्रश्न पुन्हा समोर येतो. न्कोतून रोमनमध्ये येताना सूर गाळले तर माहिती हरवते, आणि रोमनमधून न्कोत जाताना सूर कुठून आणायचे?

दुसरा खुला प्रश्न सरकारांचा आहे. मालीच्या २०२३ सालच्या संविधानाने राष्ट्रीय भाषांना अधिकृत दर्जा दिला आणि फ्रेंचला कामकाजाच्या भाषेचे स्थान दिले. भाषेचा दर्जा बदलला की लिपीचा प्रश्न अटळ होतो. एकाच भाषेला दोन लिप्या शाळेत चालवता येतात का? कोकणीचा अनुभव पाहिला तर गोव्यात १९८७ सालच्या कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचा दर्जा दिला, तरी रोमी कोकणीतले लेखन आणि तियात्र थांबले नाहीत, आणि रोमीला समान स्थान मिळावे ही मागणीही थांबलेली नाही. कायदा लिपी निवडू शकतो, वाचक निवडू शकत नाही.

तिसरा प्रश्न धर्माचा. न्कोचे बहुतेक लेखक मुस्लिम आहेत आणि कुराणाचा अनुवाद हा या लिपीचा मानबिंदू आहे. मांडिंग समाजात इतर श्रद्धा असलेली माणसेही आहेत. न्को सर्वांची लिपी म्हणून उभी राहायची असेल तर तिच्यातल्या पुस्तकांची यादी धर्म, इतिहास आणि औषधी यांच्या पलीकडे वाढायला हवी. कथा, कादंबरी, बालसाहित्य, विज्ञान, बातम्या या दिशेने तिची वाढ कशी होते, यावर तिचे पुढचे पन्नास वर्षांचे भवितव्य ठरेल.

चौथा प्रश्न मोजणीचा, आणि तो मला सर्वांत निकडीचा वाटतो. ओसरीवरचे आणि मशिदीतले वर्ग शाळेच्या नोंदवहीत येत नाहीत, म्हणून न्को वाचणाऱ्यांच्या संख्येबद्दल दोन्ही बाजू मोठमोठे दावे करतात. स्क्रिब्नर आणि कोल यांनी वाई समाजात घरोघरी जाऊन जी गणना केली, तशीच गणना मांडिंग प्रदेशात व्हायला हवी. कोण कुठे शिकले, किती वेगाने वाचते, काय वाचते, पत्र लिहिते की हिशेब, हे विचारायला हवे. रोमन आणि न्को या दोन्ही लिप्यांतून शिकलेल्या मुलांचे वाचन एकाच कसोटीवर तपासले जावे. बामाको आणि कोनाक्रीतल्या शिक्षण खात्यांनी हे काम न्कोच्या शिक्षकांना बरोबर घेऊनच करावे. विद्यार्थी त्यांच्या ओळखीचे आहेत आणि पुस्तकेही त्यांच्याच कपाटात आहेत.